हप्ता चुकवला

सोलापूर,
ता. २२ एप्रिल १९४०

रा. रा. वीरभद्रअप्पा, मुक्काम वालूर, यांस शिवमूर्तीचा शरणार्थ.

दाजी, बसवेश्वराच्या कृपेने आम्ही इकडे बरे आहोत, तुमचं तुम्ही लिहालच. आता कामाचं बोलतो, कारण मला गोडगोड लिहिता येत नाही हे तुम्हाला सोयरीक झाल्यापासून ठाऊक आहे.

दरसाल पाडव्याला तुमच्याकडचा कोणी ना कोणी सोलापूरला येतो, विम्याच्या हप्त्याचे पैसे माझ्या हातात ठेवतो, आणि मी ते कंपनीच्या खिडकीवर नेऊन भरतो. यंदा पाडवा झाला, साखरेच्या गाठी पोरांनी खाऊन संपवल्या, तरी तुमचा माणूस नाही. कंपनीची आठवण देणारी चिठ्ठी मात्र माझ्या पत्त्यावर वेळेत आली. कंपनीला नातंगोतं नसतं.

हप्ता वेळेवर भरायला मार्ग कमी नाहीत. मनिऑर्डर करा. तुमच्या हाली रुपयाचे इंग्रजी कलदार करताना बट्टा बसतो म्हणून कुरकुर करू नका. कंपनी इंग्रजी मुलखातली आहे, तिला निजामाच्या मोगलाईचा रुपया चालत नाही. मनिऑर्डर नको तर सेलूच्या एखाद्या आडत्याची हुंडी मी काम करतो त्या सुताच्या पेढीवर करा. तेही जमत नसेल तर मी भरतो, तुम्ही सुगीला द्या. गप्प बसण्याचा मार्ग मात्र मला मान्य नाही. तारीख उलटली तरी कंपनी थोडी सवलत देते, पण ती संपली की विमा रद्द, आणि इतकी वर्षं भरलेलं सगळं पाण्यात.

हा विमा मी हट्टाने काढायला लावला, ते का हे तुम्ही विसरला नसाल. तुमचं घर एकत्र. दुकान, जमीन, सगळं भावाभावांचं. तुम्ही शंभर वर्षं जगा, पण उद्या काही झालं तर आमच्या सिद्धम्माच्या वाट्याला दिरांच्या घरचं जेवण आणि वर्षाला दोन लुगडी येतील. तिच्या एकटीच्या नावावर या जगात एवढा विमाच आहे. तेव्हा उत्तर लगेच पाठवा.

आपला,
शिवमूर्ती

*

वालूर, तालुका सेलू,
३ तीर, सन १३४९ फसली (मे १९४०)

शिवमूर्तीअण्णा यांस वीरभद्र संगप्पा याचे शरणार्थ.

आपले पत्र पावले. खैरियत समजून समाधान झाले.

हप्ता या साली मीच चुकवला. आपणास दरसाल तसदी होते, ती या खेपेस दिली नाही. यापुढेही असेच करण्याचा इरादा आहे. फिकीर नसावी. सिद्धीस यातले काही माहीत नाही. तिला लिहू नये, उगीच मनाला लावून घेईल.

बाकी सरकीचा भाव तेज आहे. लेकरांस आशीर्वाद.

वीरभद्र

*

सोलापूर,
ता. १४ मे १९४०

चि. सौ. सिद्धम्मास अण्णाचा आशीर्वाद.

हे पत्र शेजारच्या मनकर्णाबाईंच्या नावाने का आलं म्हणून घाबरू नकोस. तुझ्या घरचं टपाल आधी दुकानात दाजींच्या हाती पडतं, आणि यातला मजकूर दुकानासाठी नाही.

तुझ्या नवऱ्याने यंदाचा विम्याचा हप्ता बुडवला. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून कळवलं आहे की मीच बुडवला. वर लिहितात, यापुढेही असंच करण्याचा इरादा आहे. इरादा! दरोडा घालणारासुद्धा असं आधी पत्राने कळवत नसेल. आणि शेवटी काय, तर सिद्धीला लिहू नका.

मला आधी वाटलं, धंदा बसला असेल, लाजेने बोलत नसतील. पण त्याच पत्रात सरकी तेज आहे म्हणून स्वारी खुशीत. पेढीवरून सुटल्यावर मी तसाच कंपनीत गेलो. खिडकीवरच्या कारकुनाने वही उलटीपालटी केली आणि मान हलवली. वालूरच्या वीरभद्र संगप्पांचं यंदा काही जमा नाही.

आता तूच विचार कर. हातात पैसा असलेला माणूस बायकोच्या नावाचा विमा का सोडतो? तुला मूलबाळ नाही. लिहिताना हात अडतो, पण भावाने नाही लिहायचं तर कोणी? उद्या घरात दुसरी आली, तिला मूल झालं, की तुझ्या नावाचं काहीही त्यांना जड होईल. कुठेतरी पाणी मुरतं आहे. तू डोळे उघडे ठेव. कुठे जातात, कोणाशी बोलतात, काय आणतात ते बघ. त्यांना काही कळू देऊ नकोस, आणि मला लिही.

तुझा,
अण्णा

*

वालूर,
वैशाख वद्य तृतीया

अण्णास सिद्धम्माचा नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि मला आधी तुझाच राग आला. तुला पहिल्यापासून सगळ्यांत खोटच दिसते. माझ्या लग्नात तू तांदूळसुद्धा मोजून घेतले होतेस, ते अजून इथे हसून सांगतात. हे मला कधी उणा शब्द बोलले नाहीत. मूल नाही म्हणून सासूबाई बोलायच्या तेव्हा हे जेवणावरून उठून जायचे. अशा माणसावर मी पाळत ठेवू? दोन दिवस मी तुझं पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलं आणि तुला काही लिहायचं नाही असं ठरवलं.

पण अण्णा, तू मनात घातलंस ते निघेना.

हे हल्ली दर बाजाराला सेलूला जातात. पूर्वी जायचे ते माल घेऊन यायचे, आता मोकळ्या हाताने येतात. तिथले बन्सीधर म्हणून यांचे एक दोस्त आहेत, सरकीचा व्यापार करतात. ते परवा आमच्याकडे आले होते. मी पाणी घेऊन गेले आणि दोघांचं बोलणं थांबलं. दाराआड आल्यावर ह्यांचा आवाज ऐकला, "सिद्धीला आताच सांगू नका. तिला लय लागंल." बन्सीधर म्हणाले, "मी कशाला सांगायलोय? पण पुढं-मागं कळंलच की."

आणखी एक. मागच्या सोमवारी ह्यांनी मला माझं नेमकं वय विचारलं आणि कागदावर टिपून घेतलं. कशाला म्हणाले, तर "सहज". इतक्या वर्षांत माझं वय कोणाला लागलं नव्हतं.

मनकर्णाला मी काही सांगितलं नाही, पण तुझं पाकीट तिच्या नावाने आलं तेव्हापासून ती माझ्याकडे बघून उसासे टाकते. काल पापड लाटताना म्हणाली, "बोरीला कोण्या वाण्याची पोरगी हाय म्हणं लग्नाची. चांगली हाय म्हणं." कोणासाठी हाय, म्हणून मी विचारलं, तर "मला काय ठाऊक बाई," म्हणून लाटत राहिली. मला तर पोळपाट फेकून द्यावासा वाटला.

तूच हप्ता भरून टाक ना. विमा तरी राहील. बाकीचं माझं मी बघीन.

तुझी,
सिद्धम्मा

*

सोलापूर,
ता. ३० मे १९४०

चि. सौ. सिद्धम्मास आशीर्वाद.

वय विचारलं, कागदावर टिपलं, आणि "सहज"! आता आणखी काय हवं? बायकोचं वय दुसऱ्या सोयरिकीच्या बोलण्यात लागतं. पहिली किती वर्षांची, तिला मूल व्हायची आशा आहे की नाही, हे मुलीकडचे पहिलं विचारतात. तो बन्सीधर मध्यस्थ असणार. मी इथे पेढीवर माणसं ओळखण्यात केस पांढरे केले आहेत.

पैशाची काळजी सोड, मी बाजूला काढून ठेवले आहेत. सवलत संपायच्या आत खिडकीवर नेऊन देईन. पण आत्ताच भरले तर त्यांना आयतं सुटायला होईल. आधी त्यांच्या तोंडून काढून घे.

एकटीने विचारू नकोस, गोड बोलून तुला गप्प करतील. चारचौघांत विचार. मनकर्णाबाई असू दे, तो बन्सीधर आला तर फारच उत्तम. गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन सांगा म्हणावं, हप्ता भरला की नाही, आणि सेलूला कशाला जाता. माणूस व्यापारात खोटं बोलेल, माझ्याशी बोलेल, पण लिंग हातात घेऊन आपल्यातला कोणी खोटं बोलणार नाही. जड वाटलं तरी एकदा मन घट्ट कर. नंतर जन्मभर रडण्यापेक्षा हे बरं.

अण्णा

*

वालूर,
ज्येष्ठ शुद्ध अष्टमी

अण्णास,

तू सांगितलंस तसं केलं.

काल दुपारी बन्सीधर आले होते. मनकर्णा होतीच. आमच्या थोरल्या जाऊबाई भागम्मा आवाज ऐकून बाहेर आल्या. मी ओसरीवर उभी राहिले आणि बोलले. "गळ्यातलं लिंग हातात घ्या, अन् सांगा. माझ्या नावाच्या विम्याचा हप्ता तुमी भरला का न्हाई? अन् सेलूला कोणाकडं जाता?"

 मी शुद्धीवर आहे का, असं त्यांनी बघितलं. मग त्यांनी सदऱ्याची गुंडी काढली, लिंग तळहातावर घेतलं. पूजेला घेतात तसंच, कपाळाला लावून घेतलं. म्हणाले, "हप्ता चुकवलाय. ह्या बन्सीधरकडं. सेलूला ह्येंच्याकडंच जायलोय. आजून काय इचारायचं?"

बन्सीधरांना काय करावं कळेना. त्यांनी खिशातून एक कच्ची पावती काढून माझ्यापुढे धरली आणि मलाच म्हणाले, "वहिनी, पैसे कवाच भरलेत. मुंबईची पक्की पावती यायलीय. वय तर फारमात लिहायला लागतंय म्हणून इचारलं व्हतं." एवढं बोलून ते जोडे न घालताच अंगणात उतरले.

जाऊबाईंना विमा म्हणजे काय ते तिथेच कळलं. ह्यांनी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं, भावांना राग येईल म्हणून. जाऊबाई म्हणाल्या, "म्हंजी माझ्या दिराच्या मरणाचा पैसा आताच ठरवून ठेवलाय व्हय?" आणि सगळी माझ्याकडे बघायला लागली. बोरीच्या त्या पोरीची सोयरीक मनकर्णाच्या भाच्यासाठी आहे, हेही मनकर्णाला नेमकं तेव्हाच आठवलं.

ह्यांनी लिंग परत सदऱ्यात घातलं, गुंडी लावली आणि दुकानात गेले. मला एका शब्दाने विचारलं नाही की हे तुझ्या डोक्यात कोणी भरलं. त्यांना कळलं असणार.

अण्णा, मला एकच सांग. त्यांनी तुला पत्रात नेमका कोणता शब्द लिहिला होता? तुझ्या भाषेत नको. त्यांचा शब्द जसाच्या तसा लिहून पाठव.

सिद्धम्मा

*

वालूर, तालुका सेलू,
१२ अमरदाद, सन १३४९ फसली (जून १९४०)

शिवमूर्तीअण्णा यांस वीरभद्र संगप्पा याचे शरणार्थ.

कंपनीची पक्की पावती मुंबईहून आली, ती आपल्या नजरेखालून जावी म्हणून सोबत पाठवीत आहे. पाहून परत करावी.

सेलूचे बन्सीधर यांनी यंदा कंपनीची मोगलाईतील एजंटी घेतली आहे. ते हाली रुपये घेतात आणि कलदार करून परस्पर मुंबईस भरतात. सोलापूरच्या वहीत जमा दिसली नसेल ती यामुळे. विमा त्यांच्याकडे बदलून घेण्यास अर्ज, सह्या, वारसाचे वय असे पुष्कळ लागते. माझे सेलूस जाणे त्या कामाचे होते.

आपल्यामार्फत का भरला नाही हे लिहिणार नव्हतो. आता लिहितो. मी रक्कम पाडव्यास आपल्या हातात पोहोचवीत असे, आणि पावतीवर तारीख दरसाल सवलतीच्या अगदी अखेरची असे. मधल्या काळात रक्कम कोठे असे, हे मी विचारले नाही. सुताच्या धंद्यास खेळता पैसा लागतो, हे मी जाणतो. परंतु आपणास कधी दोन दिवस उशीर झाला असता आणि नेमके तेव्हाच माझे बरेवाईट झाले असते, तर सिद्धीच्या हाती काय आले असते? हे तिला कळले तर भावाविषयी तिचे मन कलुषित होईल, म्हणून तिला लिहू नये अशी विनंती केली होती.

हप्ता चुकवला, असे मी साफ लिहिले होते. चुकवला म्हणजे चुकता केला, बाकी राहिली नाही. आमच्या मदरशात, कचेरीत, दुकानात हाच शब्द चालतो. त्यात आपणास काय दिसले, ते माझ्या ध्यानात येत नाही.

पुढील सालापासून रक्कम मी घरात देत जाईन. आपल्या भगिनी ती बन्सीधर यांच्याकडे पोहोचवतील आणि पावती त्यांच्याजवळच राहील. म्हणजे मला काही विचारण्याची गरज कोणास पडणार नाही.

वीरभद्र

*

सोलापूर,
ता. १५ जुलै १९४०

चि. सौ. सिद्धम्मास अण्णाचा आशीर्वाद.

दाजींचं पत्र आणि पावती पोहोचली. पावती खरी आहे, मी खिडकीवर नेऊन खात्री करून घेतली. आता खात्री केली म्हणून पुन्हा रागावू नकोस.

तू विचारलेला शब्द "चुकवला" असा होता. आता तूच सांग, माझं काय चुकलं? इकडे कोणी जकात चुकवली म्हणाला तर शिपाई त्याच्या मागे धावतो. चुकवला म्हणजे टाळला, बुडवला. शाळेतल्या पोरालाही हेच ठाऊक आहे. तिकडे तुमच्या मोगलाईत उर्दू शिकून माणसं मराठी शब्द उलटे फिरवतात, त्याला सोलापूरच्या माणसाने काय करावं? "भरला" असं दोन-तीन अक्षरांत लिहिलं असतं तर हे रामायण झालं नसतं.

पावतीवरच्या तारखांचं दाजींनी जे लिहिलं आहे, ते मला लागलं. पैसे घरात पडले म्हणून काय त्यांना पाय फुटले? मी एकदाही मुदत उलटू दिली नाही. पेढीवर थोडे दिवस फिरले असतील, मी नाकारत नाही, पण कंपनीला पैसे पोहोचल्याशी मतलब. भावाने बहिणीसाठी एवढी धावपळ करायची आणि वर हे ऐकायचं.

असो. शब्दाचा घोटाळा झाला, कोणाचं वाईट झालं नाही, विमा शाबूत आहे. आता दोघांनी हसून सोडून द्या. नागपंचमीला तू ये. दाजींनाही आण. मी त्यांना समोरासमोर चुकवणे शब्दाचा अर्थ शिकवतो, ते मला शिकवतील. तुझ्या वहिनीने पुरणाची दिंडं करायचं ठरवलं आहे.

अण्णा

*

वालूर,
आषाढ वद्य एकादशी

अण्णास सिद्धम्माचा नमस्कार.

पंचमीला मी येणार नाही. माणूस पाठवू नकोस.

तू लिहितोस, शब्दाचा घोटाळा झाला. अण्णा, त्यांचा शब्द तू मला कळवलाच नव्हतास. तू तुझा कळवलास. "बुडवला" असं लिहिलंस. "चुकवला" एवढंच लिहिलं असतंस तर मी तुझं पत्र वाचून पोट धरून हसले असते. आमच्या दुकानात मी तो शब्द रोज ऐकते. कोणी उधारी चुकवली की हे त्याला वर गुळाचा खडा देतात. तुझ्या पेढीवर पैसे फिरत होते, म्हणून तुला दुसऱ्याच्या गप्प बसण्यातही तेच दिसलं. हे लिहायला मला वाईट वाटतं, पण तुला कोणीतरी सांगायला हवं.

तरी सगळं तुझ्यावर टाकून मी सुटत नाही. तू सोलापूरला होतास. ह्यांना रोज बघणारी मी होते. तू लिहिलंस आणि मी मानलं. लिंग हातात घ्यायला तू सांगितलंस, पण ओसरीवर उभी राहून बोलले ती मी. जाऊबाई आता मुलांना ह्यांच्या ताटात जेवू देत नाहीत, माझ्या हातचं अन्न म्हणून. काकाच्या जिवावर कोणाचा डोळा आहे ते आम्हाला कळलं, म्हणतात.  पूर्वी माझ्यासाठी ताटावरून उठणारा माणूस आता मान खाली घालून जेवतो.

मी माफी मागितली. एकदा नाही, पुष्कळदा. ते रागावले असते, चार दिवस बोलले नसते, मला माहेरी जा म्हणाले असते, तरी मी सोसलं असतं. पण ते रागवत नाहीत. वेळेवर घरी येतात, मी वाढीन ते खातात, लुगडं फाटलं तर न सांगता नवं आणून ठेवतात. पुढच्या सालच्या हप्त्याची रक्कम आत्ताच माझ्याकडे देऊन ठेवली आहे. विम्याची काळजी तू करू नकोस, तो कधी बुडणार नाही.

लग्न करून आले तेव्हापासून मला "ए सिद्धे" याशिवाय दुसरी हाक नव्हती. लाडात आले तर "अगं येडे", भांडले तर "तू गप". त्या दुपारपासून ते मला "तुमी" म्हणतात. आधी मला वाटलं, चिडवतायत. मीही उलटून म्हणाले, हे काय नवं काढलंत? ते म्हणाले, "तुमी काय बोलायलाव ते मला कळंना." चिडवत नव्हते. एकदा मी त्यांच्यासमोर रडायला लागले, तर त्यांनी पंचा पुढे केला आणि म्हणाले, "तुमी रडू नका. तुमची रक्कम येळंवर भरली जाईल."

काल मी दुकानात चहा नेऊन दिला. त्यांनी वर बघितलं. "ठेवा तिथं," म्हणाले. तेवढ्यात पायरीवर एक गिऱ्हाईक आलं. त्यालाही त्याच आवाजात म्हणाले, "या, बसा."

सिद्धम्मा